प्रकाशापासून जन्मलेले विष

‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपण माणसांना उद्देशून वापरतो. रसायनांच्या जगातही ती लागू पडावी असे एक नाव आहे. ‘फॉस्जीन’ हा शब्द दोन ग्रीक शब्दांच्या जोडणीतून तयार झाला असून त्याचा अर्थ ‘प्रकाशापासून जन्मलेला’ असा होतो. इतके तेजस्वी नाव ज्याच्या वाट्याला आले, तो वायू विसाव्या शतकातील अत्यंत घातक वायूंमध्ये गणला गेला. युद्धात त्याने हजारो जीव घेतले. शांततेच्या काळात तो कारखान्यांच्या नळ्यांतून मुकाट्याने वाहत राहिला आणि रंग, औषधे, गाद्या, चष्म्यांच्या काचा अशा अगणित वस्तूंच्या निर्मितीस हातभार लावीत राहिला. आज त्याचाच इतिहास सांगावयाचा आहे. हा इतिहास एका वायूचा आहे, तसाच तो माणसाने वेळेवर मिळालेल्या इशाऱ्यांचे काय केले, याचाही आहे.

या वायूचा जन्म एका शास्त्रीय वादातून झाला. सर हंफ्री डेव्ही या विख्यात इंग्रज रसायनज्ञाने १८१० साली असे प्रतिपादन केले, की ज्या हिरवट-पिवळ्या वायूला तोवर एका आम्लाचे आणि ऑक्सिजनचे संयुग समजले जात होते, ते वस्तुतः एक मूलद्रव्य आहे. त्याने त्याला ‘क्लोरीन’ असे नाव दिले. हे मत सर्वांना पटले नाही. एडिंबरो येथील डॉ. जॉन मरे यांनी त्यास कसून विरोध केला, आणि हंफ्रीच्या बाजूने वादात उतरला तो त्याचा धाकटा भाऊ जॉन डेव्ही. तो तेव्हा अवघा एकवीस-बावीस वर्षांचा होता. वादाचा निकाल लावण्यासाठी त्याने कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरीन हे दोन वायू सारख्या प्रमाणात एकत्र करून काचेच्या भांड्यात भरले आणि ते भांडे उन्हात ठेवले. काही मिनिटांतच क्लोरीनचा रंग नाहीसा झाला आणि वायूचे आकारमान निम्म्यावर आले. दोन वायूंचा संयोग होऊन तिसराच एक वायू तयार झाला होता. हे कार्य सूर्यप्रकाशाने घडविले, म्हणून १८१२ साली जॉनने त्याला ‘फॉस्जीन’ असे नाव दिले. पुढे हाच जॉन डेव्ही लष्करी वैद्य म्हणून सिंहलद्वीपात गेला आणि त्या बेटाच्या अंतर्भागाचे वर्णन करणारा ग्रंथ त्याने लिहिला. आपल्या हातून जगात काय आले आहे, याची कल्पना त्यास असणे शक्य नव्हते.

क्लोरीन, फ्लुओरीन, ब्रोमीन आणि आयोडीन ही मूलद्रव्ये हॅलोजन या एकाच कुळातील आहेत. फॉस्जीनच्या प्रत्येक रेणूत कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक आणि क्लोरीनचे दोन अणू असतात. हा वायू रंगहीन आहे. तो हवेच्या जवळजवळ साडेतीन पट जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत पसरतो आणि खड्डे, तळघरे, गटारे अशा सखल जागी साचून राहतो. सुमारे ८ अंश सेल्सियस तपमानाला तो उकळतो, म्हणजे थोडासा दाब देताच किंवा थंड करताच त्याचा द्रव होतो आणि तो टाक्यांत भरून ठेवता येतो. कारखानदाराला ही मोठी सोय वाटते, पण संकटाचे मूळही याच सोयीत आहे. टाकीत गुपचूप बसलेला द्रव बाहेर पडताच मूळच्या आकारमानाच्या कित्येक पट वायू होऊन पसरतो.

त्याचा वास तर अधिकच फसवा आहे. विष म्हटले की उग्र, झोंबणारा दर्प आपण गृहीत धरतो. फॉस्जीन विरळ असताना त्याला नुकत्याच कापलेल्या गवताचा किंवा कुबट पेंढ्याचा वास येतो. शेतकऱ्याला गोठ्याची आठवण व्हावी असा हा वास. माणूस दचकून पळत सुटेल असे त्यात काहीच नाही. शिवाय ज्या प्रमाणात हा वास नाकाला जाणवू लागतो, ते प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या पलीकडचे असते. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी मान्य केलेली मर्यादा एक कोटी भाग हवेत एक भाग इतकीच आहे, आणि वास येतो तो त्याच्या कित्येक पट वायू हवेत मिसळल्यावर. काही वेळाने नाक त्यालाही सरावते. तेव्हा ‘वास आला की बाहेर पडू’ असे म्हणणे ही शब्दशः विषाची परीक्षा होय.

तरीही त्याचा सर्वांत मोठा कावा आहे तो वेळेचा. क्लोरीन नाकात शिरताच माणूस खोकतो, गुदमरतो, डोळे चोळीत दूर धावतो. क्लोरीन पाण्यात सहज मिसळतो, म्हणून नाक आणि घसा यांच्या ओलसर अस्तरावरच त्याचा मारा सुरू होतो. फॉस्जीन पाण्यात फारसा विरघळत नाही. त्यामुळे वरच्या वाटेवर फारसा उपद्रव न करता तो फुप्फुसांच्या तळाशी असलेल्या अतिसूक्ष्म वायुकोशांपर्यंत पोहोचतो. तेथे हवा आणि रक्त यांच्यामध्ये एक अत्यंत पातळ पडदा असतो. फॉस्जीन त्या पडद्यातील प्रथिनांशी रासायनिक संयोग करून तो निकामी करतो. पूर्वी असे समजत, की पाण्याशी संयोग होऊन निघणारे हायड्रोक्लोरिक आम्लच सगळी हानी करते. पुढील संशोधनाने हे दाखवून दिले, की मुख्य घाव प्रथिनांवर बसतो. पडदा खचला की रक्तातील द्रव वायुकोशांत झिरपू लागतो. मात्र हे सर्व घडून येण्यास काही तास लागतात, प्रसंगी एक संपूर्ण दिवसही लागतो. तेवढा वेळ माणूस बरा दिसतो. तो बोलतो, चहा घेतो, घरी जातो. मग श्वास जड होतो, तोंडाला फेस येतो, आणि कोरड्या जमिनीवर असूनही तो आपल्याच शरीरातील पाण्यात बुडू लागतो.

या मधल्या अवधीत शारीरिक श्रम केल्यास परिणाम अधिक भयंकर होतो. म्हणून फॉस्जीनचा नुसता संशय आला, तरी त्या माणसाला चालवत न नेता आडवे करावे, पूर्ण विश्रांती द्यावी आणि रुग्णालयात कित्येक तास देखरेखीखाली ठेवावे, असा वैद्यांचा दंडक आहे. या विषावर हुकमी उतारा अद्याप नाही. विश्रांती, ऑक्सिजन आणि श्वसनास आधार हेच मुख्य उपाय आहेत.

जॉन डेव्हीच्या शोधानंतर साठ-सत्तर वर्षे हा वायू प्रयोगशाळेतच राहिला. त्याला कारखान्यात आणले ते रंगांच्या धंद्याने. १८८३ साली आल्फ्रेड केर्न आणि हाइन्रिक कारो या रसायनज्ञांनी फॉस्जीनच्या साहाय्याने ‘क्रिस्टल व्हायोलेट’ हे गर्द जांभळे रंजक सिद्ध केले. आपल्या घरोघरी जखमेवर किंवा तोंड आले असता लावले जाणारे जांभळे औषध ‘जेन्शियन व्हायोलेट’ हे मुख्यतः हेच द्रव्य होय. ज्या वायूने पुढे सैनिकांची फुप्फुसे जाळली, त्याच्याच आधाराने आधी जखमांवरचे औषध तयार झाले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीच्या रंगांच्या कारखान्यांत फॉस्जीन मोठ्या प्रमाणावर तयार होत असे. युद्ध पेटले, तेव्हा त्याचा शोध घेण्याची गरजच पडली नाही. तो कोठारात तयारच होता.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र या गावाजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला आणि वायुयुद्धाला तोंड फुटले. या युद्धतंत्राचा सूत्रधार फ्रिट्झ हाबर हा थोर रसायनज्ञ होता. त्यानंतर चारच दिवसांनी, २६ एप्रिल रोजी, आपल्या देशाचे लाहोर डिव्हिजन त्याच रणभूमीवर चालून गेले आणि वायूच्या लोटात सापडले. जमादार मीर दस्त यांनी त्या दिवशी स्वतः वायूने पीडित असताना जखमी अधिकाऱ्यांना वाचविले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो क्लोरीनचा हल्ला होता. फॉस्जीनचा प्रयोग त्याच वर्षी पुढे झाला. फ्रेंचांकडे व्हिक्तोर ग्रीन्यार या नोबेल पारितोषिकप्राप्त शास्त्रज्ञाने या वायूवर काम केले. १९ डिसेंबर १९१५ रोजी पहाटे, ईप्रजवळच्या वील्त्ये येथे जर्मनांनी ब्रिटिश फळीवर फॉस्जीन आणि क्लोरीन यांचे मिश्रण सोडले. ब्रिटिशांना आधीच सुगावा लागला होता आणि त्यांच्याजवळ मुखवटेही होते. तरीसुद्धा हजारांहून अधिक सैनिक बाधित झाले आणि सुमारे १२० मरण पावले.

लष्करी वैद्यांना चकित करणारी गोष्ट पुढेच होती. वायूच्या फटक्यातून सुटलेले, आपल्या पायांनी चालणारे, कामावर रुजू झालेले जवान काही तासांनी एकाएकी कोसळू लागले. ज्यांनी ‘मला काही झाले नाही’ म्हणून जड कामे केली, तेच आधी गेले. पुढे हेक्झामीन हे फॉस्जीनला निष्प्रभ करणारे द्रव्य मुखवट्यांत वापरण्यात आले आणि १९१६ पासून संरक्षण सुधारले. जे. एस. हॉल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने वायुबाधितांना पद्धतशीर ऑक्सिजन देण्याचे तंत्र घालून दिले. तरीही त्या महायुद्धात विषारी वायूंनी जे मृत्यू घडविले, त्यांपैकी सुमारे पंच्याऐंशी टक्के एकट्या फॉस्जीनचे होते, असा अंदाज केला जातो.

हाबरच्या नावाने एक साधा नियम रूढ आहे. हवेतील विषाचे प्रमाण आणि ती हवा श्वासात घेण्याचा काळ यांचा गुणाकार सारखा असला, की हानीही सारखी होते. सर्व वायूंना हा नियम लागू पडत नाही, पण फॉस्जीनला तो बऱ्याच अंशी लागू पडतो. दहा लाख भागांत दहा भाग फॉस्जीन असलेल्या हवेत पंधरा मिनिटे, अथवा एकच भाग असलेल्या हवेत अडीच तास काढले, तर दोहोंचा गुणाकार दीडशेच होतो, आणि फुप्फुसात पाणी साचण्याची सीमा साधारण तेथेच येते. ‘थोडासाच तर वायू आहे, काम उरकून घेऊ’ असे म्हणणाऱ्याने हा हिशेब ध्यानात ठेवावा.

१९२५ च्या जिनीव्हा करारान्वये युद्धात विषारी वायू वापरण्यास बंदी झाली. तयार करण्यास आणि साठविण्यास मात्र बंदी नव्हती. २० मे १९२८ हा जर्मनीत निवडणुकीचा रविवार होता. त्या दिवशी हांबुर्ग बंदराच्या भागातील एका कारखान्यात फॉस्जीनची टाकी फुटली आणि सुमारे ११ टन वायू वाऱ्याबरोबर वस्तीकडे सरकला. किमान दहा माणसे दगावली आणि तीनशेच्या आसपास आजारी पडली. युद्ध संपून दहा वर्षे होत आली होती. मेलेली माणसे सैनिक नव्हती, आणि त्यांच्यापाशी मुखवटेही नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे फॉस्जीनला नवे काम मिळाले. १९३७ साली ओटो बायर याने पॉलियुरेथेन शोधून काढले आणि १९५३ साली पॉलिकार्बोनेट हे काचेसारखे पारदर्शक पण न फुटणारे प्लास्टिक जर्मनी आणि अमेरिका येथे स्वतंत्रपणे निर्माण झाले. गादीतला फोम, बुटाचा तळवा, शीतकपाटाच्या भिंतीतील अस्तर, हेल्मेटची काच या सर्वांच्या मागे बहुधा कोठेतरी फॉस्जीन असतो. अनेक औषधे आणि कीटकनाशकेही त्याच वाटेने येतात. जगात दरवर्षी लक्षावधी टन फॉस्जीन तयार होतो, पण तो बाजारात दिसत नाही. सच्छिद्र कोळशावरून कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरीन नेऊन तो तयार करतात आणि बहुतेक सारा त्याच आवारात खर्चही होतो. तयार वस्तूंत त्याचा धोका उरत नाही. धोका असतो तो कारखान्यात राबणाऱ्यांना आणि कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांना.

येथे या इतिहासाची वाट आपल्या देशात येते. भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक तयार होत असे. त्यासाठी लागणारा मिथिल आयसोसायनेट १९८० पासून तेथेच बनू लागला, आणि तो बनविण्यासाठी फॉस्जीन लागत असे. डिसेंबर १९८१ मध्ये तेथे दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका कामगाराच्या अंगावर फॉस्जीन उडाला आणि थोड्याच दिवसांत तो मरण पावला. पुढच्याच महिन्यात फॉस्जीनच्या दुसऱ्या गळतीने सुमारे दोन डझन कामगारांना रुग्णालयात जावे लागले. मे १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकेहून आलेल्या तपासनिसांनी कारखान्यातील अनेक धोके लेखी नोंदविले. त्या कामगाराच्या मृत्यूने अस्वस्थ झालेले भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी त्याच वर्षी आपल्या साप्ताहिकातून शहराला वाचविण्याची हाक दिली, आणि पुढेही ती दिली. ती कोणी ऐकली नाही.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री मिथिल आयसोसायनेटच्या एका टाकीत पाणी शिरले आणि सुमारे चाळीस टन वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. तो फॉस्जीन नव्हता, पण फॉस्जीनपासूनच तयार झालेला होता, आणि त्यानेही फुप्फुसांवरच घाला घातला. टाकी थंड ठेवणारे यंत्र कित्येक महिने बंद होते. निसटता वायू जाळणारा मनोरा जोडलेला नव्हता. ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ ही म्हण इतक्या भीषण रीतीने क्वचितच खरी झाली असेल. मध्य प्रदेश शासनाने ३,७८७ मृत्यूंचा आकडा मान्य केला. पीडितांच्या संघटनांच्या मते खरा आकडा कितीतरी मोठा आहे. पाच लाखांहून अधिक लोकांना इजा झाल्याची नोंद सरकारदरबारी आहे.

फॉस्जीन शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जो शांत अवधी जातो, तसाच एक अवधी भोपाळच्या वाट्याला आला होता. डिसेंबर १९८१ ते डिसेंबर १९८४ अशी तीन वर्षे विष आत शिरलेले होते, घाव बसलेला होता, पण वरून सारे ठीक दिसत होते. अशा वेळी रुग्णाला विश्रांती देऊन त्याच्यावर लक्ष ठेवावयाचे असते. तेथे कामगार कमी केले गेले, यंत्रे बंद पडू दिली गेली आणि टाक्या भरलेल्या राहिल्या.

भोपाळनंतर आपल्या देशात १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि १९८९ साली धोकादायक रसायनांच्या साठवणीचे नियम झाले. १९९३ च्या रासायनिक शस्त्रे बंदी करारावर भारताने सही केली. १९९७ पासून अंमलात असलेल्या त्या कराराच्या यादीत फॉस्जीनचे नाव आहे, आणि औद्योगिक उपयोगासाठीही त्याच्या मोठ्या उत्पादनाची माहिती जाहीर करावी लागते. कारखान्यांची रीतही बदलली. ट्रेव्हर क्लेट्झ या इंग्रज अभियंत्याने सत्तरच्या दशकातच प्रतिपादन केले होते, की जे साठविलेलेच नाही ते गळू शकत नाही. आज जाणते कारखाने फॉस्जीन टाकीत भरून ठेवण्याऐवजी लागेल तेवढाच बनवून लगेच खर्च करतात. निसटलेला वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून नेऊन नष्ट करतात आणि प्रत्येक कामगाराच्या छातीवर रंग बदलणारी पट्टी लावतात. २००२ मध्ये तैवानात फॉस्जीनशिवायच पॉलिकार्बोनेट बनविणारा कारखाना सुरू झाला.

तरीही ढिलाई झाली की हा वायू क्षमा करीत नाही. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात बेल येथील ड्यू पॉंटच्या कारखान्यात फॉस्जीनची एक लवचीक नळी फुटली. ठराविक मुदतीत बदलावयाची ती नळी मुदत उलटून गेली तरी वापरात होती. ज्या अनुभवी कामगाराच्या अंगावर वायू उडाला, तो आरंभी बरा होता. काही तासांनी त्याची प्रकृती ढासळली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. वील्त्येच्या खंदकांत जे घडले, तेच चौऱ्याण्णव वर्षांनी घडले.

कारखान्याशी संबंध नसलेल्यांनाही हे सारे परके वाटू नये. क्लोरीनयुक्त द्रव तापला किंवा ज्वालेत सापडला, तर थोडा फॉस्जीन तयार होऊ शकतो. क्लोरोफॉर्म उजेडात आणि हवेत राहिला, तरी हळूहळू फॉस्जीन बनतो. म्हणूनच तो तपकिरी बाटलीत, किंचित मद्यार्क घालून ठेवतात. कार्बन टेट्राक्लोराइडची जुनी अग्निशामके याच कारणाने बाद झाली. ट्रायक्लोरोएथिलीनने पुसलेल्या धातूवर वेल्डिंग करणारा, किंवा आर-२२ सारखा वायू उरलेल्या नळीला ज्योत लावणारा वातानुकूल यंत्रांचा कारागीर आज देशाच्या प्रत्येक शहरात आहे. त्याने आधी वायू पूर्ण काढून घ्यावा, भाग कोरडा करावा, खिडक्या उघडाव्यात, आणि मगच ज्योत पेटवावी. काम झाल्यावर छातीत जडपणा वाटला, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये.

जॉन डेव्हीने ऊन पडलेल्या काचेत हा वायू पाहिला, त्याला दोनशेहून अधिक वर्षे झाली. त्याचे गुणधर्म तेव्हापासून बदललेले नाहीत. तो तितकाच जड, तितकाच रंगहीन आणि तितकाच वेळकाढू आहे. त्याच्याविषयीचे आपले ज्ञान मात्र पुष्कळ वाढले आहे, आणि त्यातील बहुतेक ज्ञान कोणीतरी प्राण देऊन आपल्या हाती ठेवले आहे. पहिल्या माणसाचा मृत्यू हा इशारा असतो. दुसऱ्याचा मृत्यू होऊ नये, एवढे काम तरी त्या ज्ञानाकडून आपण करून घेतले पाहिजे.